भाषेच्या पाठ्यपुस्तकातले पर्यावरण: तपासायचे कसे, दुरुस्त कसे करायचे

भाषा शिकवणाऱ्या पुस्तकात पर्यावरणाचा धडा बहुधा शेवटून दुसरा किंवा तिसरा असतो. वर पृथ्वीचे चित्र, खाली दीडदोनशे शब्दांचा उतारा, मग 'प्रदूषण', 'ऱ्हास', 'संवर्धन' अशा नामांची चौकट आणि शेवटी 'घोषवाक्ये तयार करा'. तोवर वर्ष संपत आलेले असते, म्हणून धडा घाईत उरकला जातो. त्याच पुस्तकातल्या बाकीच्या धड्यांत मात्र पात्रे चालू फोन टाकून नवा घेतात, सहलीला विमानानेच जातात आणि उरलेले अन्न कुठे जाते हे कोणी विचारत नाही. ही वाक्ये विद्यार्थी वर्षभर घोकतात. म्हणून फक्त पर्यावरणाचा धडा सुधारून भागत नाही. तपासणी पहिल्या पानापासून करावी लागते.

पुढची पद्धत कोणत्याही भाषेच्या पुस्तकाला लागू पडते. बारा धडे आणि दीडशे पाने असलेले पुस्तक गृहीत धरले आहे. तपासायला दोन माणसे हवीत आणि प्रत्येकाचे आठ-दहा तास हवेत. एकट्याने केले तरी चालते, पण मग दोन आठवड्यांनी तीच पाने पुन्हा तपासून आपलेच उत्तर बदलते का ते पाहावे.

आधी नोंदवही

मोजायचे काय, हे पुस्तक उघडण्याआधी ठरवा. 'पान' हे एकक घेऊ नका. एका पानावर चार सराव असतात आणि त्यातल्या एकातच झाड असते. 'क्रमांक दिलेला प्रत्येक सराव, प्रत्येक उतारा किंवा संवाद आणि प्रत्येक मोठे चित्र' असे एकक घेतले की दीडशे पानांतून साधारण पाचसहाशे नोंदी निघतात. प्रत्येक नोंदीसमोर रकाने असे: पान, प्रकार (वाचन, ऐकणे, संवाद, व्याकरण, लेखन, चित्र), खोली (पर्यावरणाचा विषय किती खोलवर येतो), उद्दिष्ट आणि शेरा.

खोली ० ते ३ अशी लिहा. पर्यावरणाचा संबंध नसेल तर ०. केवळ सजावट असेल तर १. म्हणजे भूतकाळाच्या सरावाशेजारी धबधबा, पण प्रश्न धबधब्याबद्दल नाही. विषयाची माहिती दिली असेल तर २. विद्यार्थ्याला भाषा वापरून त्या विषयात काही शोधायला, मोजायला, विचारायला किंवा कोणाला पटवायला लावले असेल तर ३. सगळ्यात जास्त घोळ १ आणि २ यांच्या सीमेवर होतो. त्यासाठी एकच कसोटी ठेवा: चित्र किंवा शब्द बदलून तिथे सायकल घातली तरी सराव तसाच सोडवता येतो का? येत असेल तर ती नोंद १.

याशिवाय एक खूण वेगळी ठेवा: 'छुपे'. खरेदी, प्रवास, जेवण, घर, कपडे आणि सुट्टी या विषयांचा प्रत्येक सराव खोली ० असला तरी त्याला ही खूण करा. पुढे दुरुस्तीला हीच यादी कामी येते.

उद्दिष्टाच्या रकान्यासाठी नवी वर्गवारी शोधत बसू नका. पर्यावरण शिक्षणावरची आंतरसरकारी परिषद १९७७ मध्ये तिबिलिसी येथे झाली. तिने पाच उद्दिष्टे ठरवली होती: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग. खोली २ आणि ३ च्या प्रत्येक नोंदीला यातले एक लावा. बहुतेक पुस्तकांत पहिल्या दोन उद्दिष्टांत गर्दी होते आणि शेवटची दोन जवळजवळ रिकामी राहतात. यात एक गंमत आहे. कौशल्य आणि सहभाग म्हणजे विचारणे, कळवणे, वाटाघाट करणे आणि तक्रार मांडणे. ही तर भाषेच्या तासाचीच कामे. जी उद्दिष्टे भाषेने साधायची, तीच रिकामी असतात.

दोघांनी पहिली वीस पाने वेगवेगळी तपासून मग ताडून पाहावीत. इथे टक्केवारीवर विसंबू नका. समजा दोघांनीही डोळे मिटून दर दहातल्या एका नोंदीवर 'पर्यावरण आहे' अशी खूण केली. तरी निव्वळ योगायोगाने त्यांचे ८२ टक्के नोंदींवर एकमत दिसेल (०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.१). कारण बहुतेक नोंदी ० असतात आणि शून्यावर एकमत व्हायला काही लागत नाही. यासाठी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कॅपा हा एकमताचा गुणांक काढावा: प्रत्यक्ष एकमतातून योगायोगाचे एकमत वजा करायचे आणि उत्तराला १ वजा योगायोगाच्या एकमताने भागायचे. ९४ टक्के एकमत असेल तर (०.९४ − ०.८२) ÷ ०.१८, म्हणजे साधारण ०.६७. हे चालण्याजोगे आहे. उत्तर ०.६ च्या खाली आले तर नोंदी करत राहण्याऐवजी व्याख्या पुन्हा लिहा. चूक बहुधा माणसांची नसते. 'निसर्गवर्णन' पर्यावरणात धरायचे की नाही, हे आधी ठरलेले नसते.

माहिती शिळी झाली आहे का

भाषेचे पुस्तक लिहिणारे विज्ञानाचे जाणकार असतीलच असे नाही, आणि पुस्तक सहासात वर्षे तरी वापरात राहते. त्यामुळे खोली २ चा प्रत्येक उतारा विधानागणिक तपासा. काही चुका पुन्हा पुन्हा भेटतात.

ओझोनला भोक पडले म्हणून पृथ्वी तापते, हे त्यातले सर्वांत चिवट विधान. ओझोनचा थर विरळ झाल्याने अतिनील किरण जास्त पोहोचतात. तापमानवाढीचे मुख्य कारण कार्बन डायऑक्साइडसारखे हरितगृह वायू आहेत. ओझोनचा प्रश्न १९८७ च्या माँट्रियल करारामुळे बराच आटोक्यात आला आणि थर सावरतो आहे. पुस्तकात तो अजून फक्त 'संकट' म्हणून येत असेल, तर मुलांना एक यशाची गोष्ट सांगायची संधी वाया जाते.

'ॲमेझॉनचे जंगल जगाचा २० टक्के प्राणवायू पुरवते' हे दुसरे विधान. ते जंगल जेवढा प्राणवायू तयार करते, जवळपास तेवढाच तिथल्या वनस्पतींच्या श्वसनात आणि कुजण्याच्या क्रियेत खर्च होतो. जंगलाचे महत्त्व कार्बन साठवण्यात, पाऊस फिरवत ठेवण्यात आणि जीववैविध्यात आहे. तिसरे: 'प्लास्टिकची बाटली ४५० वर्षांनी कुजते.' प्लास्टिकचे प्रचंड उत्पादन गेल्या शतकाच्या मध्यावर सुरू झाले, म्हणजे ही ४५० वर्षे कोणी पाहिलेली नाहीत. तो अंदाज आहे आणि उताऱ्यात तसेच लिहिले पाहिजे. 'जैवविघटनशील' पिशवीचेही तेच. पॉलिलॅक्टिक ॲसिड या जैवविघटनशील प्लास्टिकच्या वस्तूंना कुजायला ६० अंश सेल्सियसच्या आसपासचे औद्योगिक कंपोस्ट-संयंत्र लागते. मातीत किंवा समुद्रात त्या फार सावकाश विरतात.

आकडा असेल तर त्याच्यासोबत वर्ष असलेच पाहिजे. 'हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत आहे' यापेक्षा 'हवाई बेटांवरच्या मौना लोआच्या वेधशाळेत १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते, २०२४ मध्ये ४२० हून अधिक' हे वाक्य टिकते. आकडे वाचण्याचा आणि तुलनेचा सरावही त्यातच होतो.

मराठीतून शब्दार्थ देताना दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. पहिला शब्द 'हवामान'. भूगोलाच्या परिभाषेत रोजची स्थिती ती 'हवा' आणि दीर्घकाळाची, सामान्यतः ३० वर्षांची, सरासरी ते 'हवामान'. बोलण्यात मात्र 'आजचे हवामान' सर्रास म्हणतात. अशा वर्गात 'हवामान बदल' म्हणजे काल ऊन आणि आज पाऊस, असा अर्थ पोहोचतो. शब्दसूचीत दोन्ही शब्द शेजारी देऊन एकेक वाक्य लिहा: 'आज हवा ढगाळ आहे', 'या प्रदेशाचे हवामान कोरडे आहे'. दुसरा शब्द 'पुनर्वापर'. बाटली धुऊन पुन्हा भरणे हा पुनर्वापर. ती वितळवून नवी वस्तू करणे हे पुनर्चक्रण. दोन्हींना एकच शब्द वापरला तर 'पुनर्वापर आधी, पुनर्चक्रण नंतर' हे वाक्यच लिहिता येत नाही.

वाक्यात कर्ता कुठे आहे

ही तपासणी पटकन होते आणि सर्वांत जास्त काही दाखवते. भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी १९९० मध्ये थेसालोनिकी येथील उपयोजित भाषाविज्ञानाच्या जागतिक परिषदेत मांडले होते की पर्यावरणाकडे पाहण्याची दृष्टी शब्दांप्रमाणे व्याकरणातही दडलेली असते. पाणी, माती, तेल यांना भाषा न मोजता येणाऱ्या नामांत टाकते, जणू ती संपणारच नाहीत. आणि 'वाढ' म्हटले की ती चांगलीच, असा कल असतो. त्यांनी इंग्रजीतल्या सर्वनामांबद्दलही (माणसाला 'ही' किंवा 'शी', वस्तूला 'इट') लिहिले आहे, पण तो मुद्दा मराठीला तसाच लागू होत नाही. आपल्याकडे टेबलालाही लिंग आहे.

मराठीत पाहायची जागा आहे धातूंच्या जोड्या: तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे, बुजणे-बुजवणे, संपणे-संपवणे. पर्यावरणाच्या धड्यातली तीस वाक्ये काढा आणि प्रत्येकाचा कर्ता शोधा. 'तळे बुजले', 'जंगल जळाले', 'पाणी संपले' यांत कोणी काही केलेलेच नाही. 'तळे बुजवण्यात आले' यात कोणीतरी आहे, पण पडद्याआड. 'मानवाने तळे बुजवले' यात कर्ता आहे, पण इतका मोठा की कोणालाच लागू होत नाही. 'वसाहत बांधणाऱ्या कंपनीने तळे बुजवले' या वाक्यावर मात्र पुढचा प्रश्न विचारता येतो. 'आपण' हा शब्दही असाच सोयीचा. 'आपण नद्या घाण करतो' यात सांडपाणी सोडणारा कारखाना आणि नदीकाठचे मूल एका पंक्तीत बसतात.

कर्ता नसलेले प्रत्येक वाक्य चुकीचे नसते. 'बर्फ वितळते', 'वाफ वर जाते' ही भौतिक क्रिया आहे, तिथे कर्ता घुसडू नये. शंका आली तर 'कोणी ठरवले?' असा प्रश्न विचारा. उत्तर असू शकत असेल आणि वाक्यात नसेल, तर नोंद करा.

यातून व्याकरणाचा एक उत्तम तास तयार होतो. एकच घटना चार प्रकारे लिहायची: अकर्मक, '-ण्यात आले', 'मानवाने' आणि नेमका कर्ता. मग विचारायचे की यातले कोणते वाक्य बातमीत, कोणते कंपनीच्या पत्रकात आणि कोणते तक्रारीच्या अर्जात येईल. प्रयोग शिकवायला याहून चांगला मजकूर मिळणे कठीण.

क्रियापदाच्या अर्थांकडेही (आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ) नजर टाका. बहुतेक धडे आज्ञार्थ ('झाडे लावा') आणि विध्यर्थ ('पाणी वाचवावे') यांतच अडकलेले असतात. संकेतार्थ ('गळती तेव्हाच थांबवली असती, तर टाकी भरली असती') क्वचितच दिसतो. कार्यकारण सांगायला आणि जबाबदारी ठरवायला तर तोच लागतो.

छुपे धडे: वेळ कमी, फायदा जास्त

दुरुस्तीला सुरुवात पर्यावरणाच्या धड्यापासून करू नका. 'छुपे' खूण असलेल्या यादीतून दर धड्याला एकच सराव निवडा. नियम साधा आहे: व्याकरणाचा घटक, वाक्यांची संख्या आणि अवघडपणा तसाच ठेवायचा, फक्त प्रसंग बदलायचा. मग अभ्यासक्रमाला धक्का लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

खरेदीच्या धड्यात 'हा फोन जुना झाला. मला नवा घ्यायचा आहे. कोणता चांगला?' असा संवाद असेल, तर तो 'या फोनची बॅटरी लवकर संपते. बॅटरी बदलायची की फोन? काय स्वस्त पडेल?' असा करा. इच्छा दाखवणारी रचना आणि तुलना दोन्ही शाबूत राहतात, आणि 'दुरुस्त होईल का?' हा रोजच्या उपयोगाचा प्रश्न वाढतो. जेवणाच्या धड्यात धातुसाधित विशेषणे असतील तर 'उरलेले', 'शिजवलेले', 'फेकलेले' घ्या. प्रवासाच्या वेळापत्रकात विमानासोबत रेल्वे आणि बस यांच्या ओळी घाला आणि प्रश्न 'कधी पोहोचेल?' एवढ्यावर न थांबवता 'काय निवडाल आणि का?' इथवर न्या.

रीती भूतकाळासाठी ज्येष्ठ माणसाची मुलाखत फार चांगली. 'पूर्वी इथे बेडूक असायचे', 'ओढा उन्हाळ्यातही वाहायचा' अशी वाक्ये आपोआप येतात. फक्त ती हळहळीत विरघळू देऊ नका. प्रत्येक वाक्याला 'कधीपर्यंत?', 'तुम्ही कुठे पाहिलेत?', 'मग काय झाले?' हे तीन प्रश्न जोडा.

इथे होणारी चूक म्हणजे उपदेश. संवादातले एक पात्र शहाणे आणि दुसरे बेजबाबदार केले की विद्यार्थ्याला उत्तर आधीच कळते आणि बोलायला काही उरत नाही. दोन्ही पात्रांना खरी अडचण द्या: एकाला वेळ नाही, दुसऱ्याकडे पैसे नाहीत.

आता मुख्य धडा

पहिली अडचण शब्दांची. आधाराशिवाय उतारा समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे २५० शब्दांच्या उताऱ्यात अनोळखी शब्द पाचच. शिक्षक सोबत असतील तर ९५ टक्क्यांवर, म्हणजे बारा शब्दांपर्यंत जाता येते. पर्यावरणाच्या उताऱ्यात पंचवीस-तीस अनोळखी शब्द सहज निघतात, आणि मग तास शब्दार्थ लिहून घेण्यात जातो. उतारा गाळा. परिभाषेतले दोनतीन शब्द ठेवा, बाकीचे सोपे करा.

नवे शब्द निवडताना नामांपेक्षा क्रियापदे घ्या. 'प्रदूषण', 'ऱ्हास', 'संवर्धन' एवढेच हाताशी असलेला विद्यार्थी 'प्रदूषण ही गंभीर समस्या आहे' याच्या पुढे जाऊ शकत नाही. 'गळणे, झिरपणे, साचणे, आटणे, वाया जाणे, भरून येणे' ही सहा क्रियापदे दिली की तो डोळ्यांसमोरचे सांगू लागतो. हे शब्द पुढच्या धड्यांत मिळून आठदहा वेळा तरी पुन्हा भेटतील अशी सोय करा, नाहीतर महिन्याभरात ते विसरले जातात. मुख्य धडा पुस्तकाच्या शेवटी नको, मध्याच्या आधी हवा, त्याचे हेही एक कारण.

पातळीप्रमाणे काम बदलते. युरोपीय भाषा-चौकटीत ए१ ही अगदी सुरुवातीची पातळी आणि पुढे ए२, बी१, बी२ अशा चढत्या पातळ्या आहेत. ए१ वर वस्तूंची नावे आणि मोजणी, ए२ वर तेव्हा आणि आता यांची तुलना, बी१ वर कारण आणि परिणाम, बी२ वर दोन बाजू तोलणे. ए१ च्या मुलांना 'हवामान बदलावर मत मांडा' म्हणणे म्हणजे पाच शब्दांत गप्प बसवणे.

चर्चेचा प्रश्न घालताना तो उत्तर ठरलेला नाही ना, हे पाहा. 'प्लास्टिक वाईट आहे का?' याला सगळे हो म्हणतात आणि तास तीन मिनिटांत संपतो. 'पेय दूरवर पाठवायचे आहे. काचेची बाटली की प्लास्टिकची?' इथे काच जड असल्याने वाहतुकीचे इंधन वाढते, पण तीच बाटली अनेकदा भरता आली तर हिशेब उलटतो. आता बोलायला काहीतरी आहे. दोन्ही बाजूंना तीन-तीन तथ्ये छापून द्या, म्हणजे मुले माहिती शोधत बसत नाहीत, भाषा वापरतात.

गुण भाषेला द्या, मताला देऊ नका. मतावर गुण मिळतात हे कळले की सगळे निबंध एकसारखे येतात आणि त्यातून ना भाषा कळते ना मत. तपासणीचे चार निकष पुरतात: विधानाला कारण दिले आहे का, कर्ता स्पष्ट आहे का, ठरवलेली रचना योग्य वापरली आहे का, आणि नवे शब्द जागेवर आहेत का.

एक नमुना काम: गळका नळ

चाळीस मिनिटांचे तीन तास लागतात. साहित्य: मिलिलिटरच्या खुणा असलेला पेला, घड्याळ, कागद.

पहिल्या तासात आवारात गळणारे नळ शोधायचे, पेला दहा मिनिटे खाली ठेवायचा आणि पाणी मोजायचे. दिवसात दहा मिनिटांचे १४४ भाग असतात, म्हणून आलेल्या आकड्याला १४४ ने गुणायचे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ घ्या. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो, म्हणजे दहा मिनिटांत ३० मिलिलिटर आणि दिवसाला ४.३ लिटर. 'खूप पाणी', 'थोडे पाणी' या सरावातल्या कायमच्या शब्दांची जागा इथे लिटर घेतात. घोटाळा होतो तो पेला तिरका ठेवल्याने किंवा मध्येच कोणी नळ उघडल्याने. प्रत्येक गटाने दोनदा मोजावे. दोन आकड्यांत पाचव्या हिश्शाहून जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा. एकही नळ गळत नसेल तर एक नळ मुद्दाम थेंब-थेंब सोडावा, पाणी बादलीत धरावे आणि झाडांना घालावे. त्या दिवशी मात्र पत्र काल्पनिक होईल, हे मुलांना सांगून टाकावे.

दुसऱ्या तासात निष्कर्षाची सहा वाक्ये: दोन मोजणीची, दोन तुलनेची ('हा नळ त्या नळापेक्षा दुप्पट गळतो'), दोन संकेतार्थी ('वॉशर बदलला, तर गळती थांबेल').

तिसऱ्या तासात पत्र. देखभालीची जबाबदारी कोणाची हे मुलांनी आधी विचारून घ्यायचे. हेच त्यांचे कर्ता शोधण्याचे काम. पत्रात तारीख, नळाची नेमकी जागा, मोजण्याची पद्धत, आकडा आणि एकच मागणी असावी. पाण्याचे महत्त्व सांगणारा परिच्छेद काढून टाकावा. वाचणाऱ्याला ते माहीत असते आणि त्याने पत्र लांबते. 'सदर बाब निदर्शनास आली आहे' असली वाक्येही खोडावीत. 'आम्ही मोजले' असे लिहावे. पत्र खरेच पाठवावे. उत्तर आले तर पुढच्या तासाला तेच वाचनाचा उतारा म्हणून घ्यावे आणि त्यात '-ण्यात येईल' किती वेळा आले आहे ते मुलांना मोजायला लावावे.